डोलोमाइटच्या मुलखात चुनखडीची राणी

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब चुनखडीवर टाकला की तो फसफसतो. तोच थेंब डोलोमाइटवर टाकला तर जवळजवळ काहीच होत नाही. फार तर, खडक खरवडून त्याची पूड केली तर दोन-चार बुडबुडे येतात. भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी ही सगळ्यात सोपी परीक्षा. आजच्या लेखाचा अर्धा भाग या एका थेंबावर उभा आहे.

उत्तर इटलीतल्या एका अख्ख्या पर्वतरांगेला या न फसफसणाऱ्या खडकाचं नाव मिळालंय : डोलोमाइट्स. आणि गंमत अशी, की या रांगेतला सगळ्यात उंच डोंगर मात्र व्यवस्थित फसफसतो. त्याचं नाव मार्मोलाडा. उंची ३३४३ मीटर. तिकडचे लोक त्याला 'डोलोमाइट्सची राणी' म्हणतात (म्हणून मीही पुढे कधी 'तो' म्हणेन, कधी 'ती', सांभाळून घ्या). म्हणजे राज्य डोलोमाइटचं आणि गादीवर चुनखडी. २००९ मध्ये युनेस्कोने डोलोमाइट्सना जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीतही मार्मोलाडा आहेच. तिथे तिच्यावर आम्ल टाकून बघायची कोणाला गरज वाटली नाही!

माझं काम कार्बोनेट खडकांवर आहे, त्यामुळे हे नाव मला शोधनिबंधांतून आधी भेटलं आणि गिर्यारोहणाच्या पुस्तकांतून नंतर. बहुतेकांचं उलटं असतं. स्कीइंगवाल्यांना मार्मोलाडा माहीत असते ती उत्तरेकडच्या हिमनदीमुळे, तर चढाई करणाऱ्यांना दक्षिणेकडच्या आठशे मीटरहून उंच, जवळजवळ उभ्या भिंतीमुळे. एकच डोंगर, पण दोन बाजूंना दोन वेगळे इतिहास. ते एकत्र वाचले तर काय दिसतं, हे आज सांगायचा प्रयत्न करतो.

आधी नावाची गोष्ट. देओदा द दोलोमिय हा फ्रेंच भूवैज्ञानिक १७८९ मध्ये आल्प्समध्ये फिरत होता. चुनखडीसारखा दिसणारा, पण आम्लात नीट न विरघळणारा एक दगड त्याला सापडला. १७९१ मध्ये त्याने त्यावर लिहिलं आणि पुढच्याच वर्षी सोस्यूर यांच्या मुलाने त्या दगडाला दोलोमियचं नाव दिलं. रासायनिक फरक वरवर छोटाच. चुनखडीत कॅल्शियम कार्बोनेट असतं, डोलोमाइटमध्ये कॅल्शियमच्या अर्ध्या जागा मॅग्नेशियमने घेतलेल्या असतात, आणि त्याही एकाआड एक थरांत, शिस्तीत. ही शिस्त येते कुठून हा प्रश्न दोनशे वर्षं छळतो आहे. समुद्राच्या पाण्यात डोलोमाइट तयार व्हायला हवं एवढं मॅग्नेशियम असतं, जुन्या खडकांत डोलोमाइट डोंगरच्या डोंगर आहे, पण प्रयोगशाळेत साध्या तापमानाला ते बनायचं नाव घेत नाही. लिंटन लँड या शास्त्रज्ञाने २५ अंश सेल्सियसला डोलोमाइट बनवायचा प्रयोग लावला तो ३२ वर्षं चालला, आणि १९९८ मध्ये त्याने शांतपणे छापलं की काहीही तयार झालं नाही. (आपल्या पीएचडीला फार वर्षं लागतायत असं वाटणाऱ्या सगळ्यांनी हा शोधनिबंध चौकट करून टेबलावर ठेवावा.) २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं, की स्फटिक वाढताना चुकीच्या जागी बसलेले अणू अधूनमधून विरघळून निघून गेले तरच पुढचे थर नीट बसतात. म्हणजे सतत वाढवून चालत नाही, मध्ये मध्ये थोडं पुसावं लागतं.

मार्मोलाडाचा खडक मुळात शेजारच्या डोंगरांसारखाच. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळात, इथे उथळ उबदार समुद्र होता आणि त्यात सूक्ष्मजीव, शैवाल, शिंपले यांनी रचलेले चुन्याचे सपाट ओटे उभे राहत होते. काहीसे आजच्या कंकणद्वीपांसारखे. पुढे शेजारच्या ओट्यांमधून मॅग्नेशियमयुक्त पाणी झिरपलं आणि त्यांचं डोलोमाइट झालं. मार्मोलाडाच्या ओट्यात ते पाणी त्या प्रमाणात पोहोचलं नाही आणि तिची चुनखडी चुनखडीच राहिली. फेदाया तलावाच्या पलीकडे, मार्मोलाडाच्या अगदी समोर, पादोन नावाची रांग आहे. ती काळी, ज्वालामुखीच्या खडकाची. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पांढरी-करडी मार्मोलाडा परकी वाटेल, पादोन नाही.

हे ओटे म्हणजे प्राचीन प्रवाळभिंती असाव्यात, हे १८६० मध्ये ठामपणे मांडलं फेर्दिनांद फॉन रिख्टहोफेन याने. डार्विनचं प्रवाळद्वीपांवरचं पुस्तक १८४२ चं, आणि त्यातली कल्पना रिख्टहोफेनने समुद्रातून उचलून थेट तीन हजार मीटर उंचीवर नेली. (हाच माणूस पुढे चीनमध्ये फिरला आणि 'रेशीम मार्ग' हा शब्द रूढ केला. काही लोकांना एक मोठी कल्पना पुरत नाही.) व्हिएन्नाच्या मोइसिसोविच यांनी १८७९ मध्ये या भिंतींवर जाडजूड ग्रंथच लिहिला.

इथे भारताचा एक धागा आहे आणि तो खरा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. हा ट्रायासिक समुद्र म्हणजे टेथिस, आणि त्याचा दुसरा काठ आपल्या स्पितीमध्ये आणि कुमाऊँच्या पलीकडे उघडा पडलेला आहे. १८९२ मध्ये व्हिएन्नाचे कार्ल डीनर हे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या ग्रीसबाख आणि मिडलमिस यांच्याबरोबर मध्य हिमालयात गेले. तिथून आणलेल्या अमोनाइट जीवाश्मांची तुलना झाली ती आल्प्समधल्या नमुन्यांशी. डीनर, मोइसिसोविच ही सगळी मंडळी दोन्हीकडचे जीवाश्म हाताळत होती. स्पितीत 'डाओनेला शेल', 'डाओनेला लाइमस्टोन' नावाचे थर आहेत. डाओनेला हा एक चपटा शिंपला, जो डोलोमाइट्सच्या खोल समुद्रातल्या थरांतही सापडतो. म्हणजे मार्मोलाडाचा ओटा वाढत होता त्याच सुमाराच्या समुद्राची पानं हिमालयात आहेत. एकाच वहीची, फक्त फार लांब जाऊन पडलेली.

आता ज्या बाईंमुळे मी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. मारिया ओगिल्व्ही गॉर्डन. जन्म १८६४, स्कॉटलंड. आधी पियानो शिकल्या, मग विज्ञानाकडे वळल्या. १८९१ मध्ये म्युनिकला गेल्या तर विद्यापीठात बाईला रीतसर प्रवेश नव्हता, त्यामुळे प्राध्यापक त्सिटेल वगैरेंकडे खासगीरीत्या शिकल्या. त्याच वर्षी रिख्टहोफेन यांच्या सोबतीने त्यांनी डोलोमाइट्स पहिल्यांदा पाहिले. मग एकट्या किंवा एखाद्या वाटाड्याबरोबर उन्हाळेच्या उन्हाळे त्या डोंगरांत नकाशे काढत राहिल्या. १८९३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डीएस्सी दिली, भूविज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९०० मध्ये शेवटी म्युनिकनेही पीएचडी दिली.

त्यांचं म्हणणं काय होतं? थोडक्यात असं, की तुम्ही ज्याला सरळसोट प्रवाळभिंतीची कड म्हणताय तिथे खडक नंतरच्या काळात दाबले, वाकवले, एकमेकांवर सरकवले गेले आहेत. आजचा आकार म्हणजे जुना आकार नव्हे. ज्यांनी हा प्रदेश दाखवला त्याच गुरूच्या सिद्धान्तावर हा प्रश्न होता. आज मागे वळून पाहिलं तर ओट्यांच्या बाबतीत रिख्टहोफेन आणि मोइसिसोविच बरेचसे बरोबर ठरले, आणि थर सरकल्याच्या बाबतीत गॉर्डन बाई बरोबर ठरल्या. एकाच डोंगरावर दोघंही बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या कोट्यवर्षांबद्दल.

पण मला जी गोष्ट विसरता येत नाही ती वेगळीच आहे. वीसेक वर्षांच्या कामाचा मोठा ग्रंथ १९१४ मध्ये म्युनिकमध्ये छपाईच्या तयारीत होता. महायुद्ध पेटलं. ब्रिटिश बाई, जर्मन शहर. सगळं सोडून यावं लागलं. युद्धात हस्तलिखित आणि नकाशांच्या पाट्या गहाळ झाल्या. त्यांनी पुन्हा डोंगरात जाऊन, पुन्हा लिहून, तो ग्रंथ १९२७ मध्ये छापला. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. दर दहा मिनिटांनी क्लाउडवर बॅकअप घेणाऱ्या माझ्या पिढीला याची कल्पनाही करता येणार नाही. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्य करून घेतलं ते १९१९ मध्ये, आणि याच सोसायटीने १९३२ मध्ये त्यांना लायल पदक दिलं.

गॉर्डन बाईंना म्युनिकची पीएचडी मिळाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १ जुलै १९०१ रोजी, दुसरी एक ब्रिटिश बाई मार्मोलाडाच्या दक्षिण भिंतीवर होती. बिआत्रिस टोमासन, वय चाळिशीच्या वर. सोबत मिकेले बेत्तेगा आणि बोर्तोलो झागोनेल हे स्थानिक वाटाडे. ही भिंत तोवर कोणी चढलेलं नव्हतं. शिखर मात्र जुनं होतं. १८६० मध्ये जॉन बॉल आणि साथीदार हिमनदीवरून पुंता रोका या जरा बुटक्या शिखरावर पोहोचले होते आणि १८६४ मध्ये व्हिएन्नाचा पाउल ग्रोमान हा दिमाई घराण्यातल्या दोन वाटाड्यांबरोबर पुंता पेनियावर, म्हणजे खऱ्या माथ्यावर. त्या सगळ्यांनी उत्तरेकडचा सोपा उतार धरला. दक्षिणेकडून जायचं म्हणजे डोंगराच्या खडकाशीच थेट बोलायचं. भिंत चढण्याची कल्पना, पैसा आणि जिद्द टोमासन यांची, पुढे राहून वाट काढणं वाटाड्यांचं. त्या काळच्या नोंदींत कधी बाईंचं नाव मागे पडतं, कधी वाटाड्यांचं. मला वाटतं तिघांची नावं एकत्रच घ्यावीत.

इथे तो आम्लाचा थेंब परत येतो. डोलोमाइटचे डोंगर तडकतात, त्यांना आडव्या कडा, फटी, कप्पे असतात. फट असली की पिटॉन ठोकता येतो, पिटॉन असला की दोर अडकवता येतो. मार्मोलाडाच्या दक्षिण भिंतीवर मात्र करड्या चुनखडीचे मोठमोठे गुळगुळीत पट्टे आहेत, फटी जवळजवळ नाहीत. त्याऐवजी आहेत भोकं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीला हळूहळू विरघळवतं. त्यातून बोटं जातील, कधी मूठ जाईल, असे खळगे तयार होतात. म्हणजे वर्गातला आम्लाचा प्रयोग पाऊस इथे हजारो वर्षं करतोय. हे खळगे धरून चढता येतं, पण त्यात पिटॉन बसत नाही. पडलात तर दोर अडवेलच याची खात्री नाही.

म्हणून १९३० च्या दशकातल्या थोर चढाया (१९३६ मधली विनात्सर आणि कास्तिल्योनी यांची, आणि त्याच वर्षीची सोल्दा आणि कोन्फोर्तो यांची) भिंतीतल्या भेगा आणि चिमण्या शोधत गेल्या. मधले गुळगुळीत पट्टे तसेच राहिले. एक उपाय होता, ड्रिलने भोक पाडून बोल्ट मारायचा. जिथे वाटेल तिथे. याला १९६८ मध्ये राइनहोल्ड मेसनरने एका लेखात 'अशक्याची हत्या' म्हटलं. बोल्टने काहीही चढता येतं, मग 'चढता येत नाही' या शब्दाला अर्थ काय उरला, असा त्याचा सवाल.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियाहून आलेले इगोर कोलर आणि इंद्रिख शुस्तर या पट्ट्यांतूनच सरळ वर गेले. भिंतीच्या मधोमध माशाच्या आकाराचा एक कोनाडा आहे, त्यावरून वाटेचं नाव पडलं 'माशातून पार'. बोल्ट नाहीत. जिथे हाताने जमेना तिथे खळग्यात छोटा लोखंडी आकडा टेकवायचा आणि त्याच्यावर भार टाकायचा. १९८७ मध्ये हाइन्झ मारियाखर आणि ब्रुनो पेदेरिवा यांनी आकड्यांच्या आधाराशिवाय, फक्त हातापायांनी, ही वाट चढून दाखवली. आणि २९ एप्रिल २००७ ला हान्सयोर्ग आउअर हा ऑस्ट्रियन तरुण ती एकटाच, दोराशिवाय चढून गेला. (ते वर्णन मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचणार नाही.)

आता स्पोर्ट क्लाइंबिंग. काटेकोर बोलायचं तर त्याचा अर्थ आधीच बोल्ट मारलेल्या, सुरक्षित वाटेवर फक्त अवघडपणाशी झुंज. मार्मोलाडाच्या जुन्या वाटा त्यात बसत नाहीत. पण इटलीत हा खेळ रुजवणाऱ्यांत मारियाखर होता आणि तो जवळच्या आर्कोच्या चुनखडीवर सराव करून इथे येत होता. आर्कोच्या बोटांनी मार्मोलाडाचे खळगे धरले, असं म्हणा. पुढे मार्मोलाडावर बोल्ट मारावेत की नाहीत हा वाद पेटला तो आजतागायत मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर : बोल्ट एकदा मारला की आधीच्या माणसाने काय धोका पत्करला होता तो पुरावाच पुसला जातो. सुरक्षिततेची बाजूही खरी आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरावा प्रिय असतो.

आता डोंगराची दुसरी बाजू.

२३ मे १९१५ ला इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीशी युद्ध पुकारलं आणि सीमा बरोबर मार्मोलाडावरून गेली. उत्तरेकडच्या हिमनदीवर ऑस्ट्रियन सैन्य, समोरच्या सेराउता कड्यांवर इटालियन तोफा. उघड्या बर्फावरून अन्नाची पोती नेणारा माणूस म्हणजे पांढऱ्या कागदावरचा ठिपका. लिओ हांडल या अभियंत्याने १९१६ मध्ये त्यावर तोडगा काढला, तो म्हणजे बर्फाच्या आतून जायचं. हिमनदीत बोगदे खोदले गेले, एकूण सुमारे १२ किलोमीटर. आत झोपायच्या खोल्या, कोठारं, स्वयंपाकघर, प्रार्थनास्थळसुद्धा. बाहेर कितीही गारठा असला तरी आत तापमान शून्याच्या आसपास टिकायचं. पण हिमनदी ही नदीच असते, ती वाहते, फक्त फार सावकाश. त्यामुळे बोगदे वाकायचे, अरुंद व्हायचे, पुन्हा तासावे लागायचे.

मात्र त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा संहार ना तोफेने केला, ना बोगद्याने. ग्रान पोझ नावाच्या जागी सैनिकांच्या लाकडी बराकी होत्या. इटालियन तोफांपासून ती जागा सुरक्षित होती, पण वरून येणाऱ्या बर्फाच्या थेट वाटेत होती. तिथला अधिकारी, कॅप्टन रुडोल्फ श्मिड, याने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, की बर्फ फार साठलाय, बराकी हलवू द्या. परवानगी नाकारली गेली. १३ डिसेंबर १९१६ च्या पहाटे हिमप्रपात आला आणि सुमारे २७० माणसं गाडली गेली. त्यांत बोस्नियाचे सैनिकही होते, बर्फाच्या या डोंगराशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता.

इंग्रजी लेखनात या घटनेला सर्रास 'व्हाइट फ्रायडे' म्हणतात. दिनदर्शिका काढून बघा : १३ डिसेंबर १९१६ ला बुधवार होता. नाव कसं चिकटतं आणि शंभर वर्षं कोणी तपासत नाही, याचा हा नमुना मी ज्युनिअर्सना आवर्जून दाखवतो.

ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोला इटालियन आघाडी कोसळली, मार्मोलाडावरचे मोर्चे निरर्थक झाले आणि बर्फातलं शहर रिकामं झालं. हिमनदीने ते सावकाश चिरडून टाकलं. युद्धानंतर तिच्यावर स्कीवाले आले, १९६० च्या दशकात मालगा चापेलाहून पुंता रोकापर्यंत केबलकार आली, २६ ऑगस्ट १९७९ ला पोप जॉन पॉल दुसरे वर येऊन गेले. त्रेंतिनो आणि वेनेतो या दोन प्रांतांत हिमनदी कोणाची यावर खटले चालले, अजून कुरबूर आहे. सेराउताच्या थांब्यावर युद्धाचं संग्रहालय आहे. त्यातल्या बऱ्याच वस्तू बर्फ वितळल्यावर बाहेर आलेल्या : बूट, काडतुसं, लाकडी फळ्या.

हे वितळणं आता कोणत्या वेगाने चाललंय ते पहा. १८८८ मध्ये ही हिमनदी सुमारे ५०० हेक्टर होती, आता ती १०० हेक्टरच्याही आत आली आहे. ३ जुलै २०२२, रविवार. आदल्या दिवशी माथ्याजवळ तापमान १० अंशांपर्यंत गेलं होतं. दुपारी पुंता रोकाखालचा बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि खालच्या नेहमीच्या वाटेवरच्या ११ जणांचा जीव गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की वितळलेलं पाणी एका मोठ्या भेगेत साठलं होतं आणि त्याच्या दाबाने तुकडा बुडापासून उचलला गेला. १९१६ ला धोका नको एवढ्या बर्फाचा होता, २०२२ ला नको एवढ्या पाण्याचा. श्मिडच्या बाबतीत एक नाव होतं, एक पत्र होतं, एक नकार होता. २०२२ मध्ये नकार नेमका कोणी दिला हे तसं दाखवता येत नाही, आणि माझ्या मते तेच जास्त अवघड आहे.

संशोधकांचा अंदाज आहे की २०४० पर्यंत ही हिमनदी संपलेली असेल. तोवर दर उन्हाळ्यात तिच्या कडेने थोडा थोडा नवा खडक उघडा पडतो आहे. बर्फाने घासून गुळगुळीत केलेला, करडा, सरळ ओरखडे असलेला. पावसाने त्यात अजून एकही खळगा पाडलेला नाही.